दार्ष्टांतिक

दहावीच्या मराठीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणाला 4 गुण असतात. कवितेच्या काही ओळी दिलेल्या असतात आणि त्यांवर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी लिहायचं असतं. मुलं हे तिन्ही शब्द ठळक काढतात, खाली पट्टीने रेघ मारतात आणि प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यं ठेवून देतात. कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत. यमकामुळे कवितेला गेयता आली आहे. साध्या, ओघवत्या भाषेमुळे कविता मनाला भिडते. कविता केशवसुतांची असो की परवा लिहू लागलेल्या कवीची, मनाला भिडण्यात खंड पडत नाही.

मी शाळेत होते तेव्हा याच्या जागी 'संदर्भासह स्पष्टीकरण' असे. 'सदर ओळी अमुक कवींच्या तमुक कवितेतील असून' अशी सुरुवात गुरुजी खड्या आवाजात सांगायचे आणि आम्ही ती वहीत उतरवून घ्यायचो. त्या साच्याची आता थट्टा होते. मला तो आवडायचा, अजूनही आवडतो. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या प्रसंगी, हे ठरल्याशिवाय अर्थाला हात घालायचा नाही ही शिस्त त्यात होती. घोडं अडायचं ते पुढे. 'या ओळींतून कवी असे म्हणतो की' म्हटलं की कवितेचं गद्य करून टाकायचं आणि खाली रेघ मारायची. कवी जे म्हणतो ते त्याने असंच का म्हटलं, हा प्रश्न त्या वहीत कधी आला नाही.

तो प्रश्न कुठे बसतो ते मला बी. ए.ला सापडलं, तेही एका कंटाळवाण्या दुपारच्या तासाला. प्राचीन मराठीच्या पेपरला 'दृष्टांतपाठ' होता. चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केशोबासांनी एकत्र केले, तो हा तेराव्या शतकातला महानुभाव ग्रंथ. त्यातल्या प्रत्येक प्रकरणाची घडण एकच. आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचं नेमकं वाक्य. मग दृष्टांत, म्हणजे हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांसारखी एखादी छोटी गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा सूत्राशी जुळवून दाखवलेला सांधा. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे. दार्ष्टांतिक मात्र केशोबासांनी लिहिलं. परीक्षेपुरतं मी हे पाठ केलं. पुढे बी. एड.ला पाठ टाचणं काढताना त्याची आठवणही झाली नाही, कारण टाचणात मुलांनी काय लिहायचं यापेक्षा बाईंनी फळ्यावर काय लिहायचं याला जास्त रकाने होते.

आठवण झाली ती शिक्षक-खोलीत. इंग्रजीच्या बाई मुलांसाठी तक्ता रंगवत होत्या : पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन. मी म्हटलं, "हे आमच्याकडे सातशे वर्षांपासून आहे." त्या मान वर न करता म्हणाल्या, "मराठीवाल्यांकडे सगळंच सातशे वर्षांपासून असतं."

असो. पण त्या दिवसापासून वह्या तपासताना मला एकच गोष्ट दिसू लागली. मुलांना सूत्र येतं : 'या ओळींत एकाकीपणा जाणवतो.' दृष्टांतही येतो, अवतरणचिन्हांत ओळ उतरवता येते. तिसरा भाग येत नाही. ओळ लिहिली की काम झालं, ती आता स्वतःच बोलेल, असं त्यांना वाटतं. हुशार मुलं तर तिथून उडी मारून पुढच्या सूत्रावर जातात. सूत्र गाइडात मिळतं, ओळ पाठ्यपुस्तकात असते. दार्ष्टांतिक मात्र विकत मिळत नाही आणि ते मला सांगून लिहवूनही घेता येत नाही. मुळात ते शिष्याकडेच होतं.

म्हणून मी शिकवायचं ठरवलं ते तेवढंच. वर्गात दोन नियम केले. 'अत्यंत' हा शब्द बंद. आणि लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला लागू पडत असेल तर ते खोडायचं. पहिल्या दिवशी वह्यांमध्ये खोडण्याखेरीज काही उरलं नाही. कधी कवीचं नाव झाकूनही कविता दिली, पण ही युक्ती माझी नव्हे. आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना बिननावाच्या कविता देत आणि काय वाटलं ते लिहून आणायला सांगत. त्या कागदांचा त्यांनी 1929मध्ये ग्रंथ केला. तिथली शिकली-सवरलेली मुलंही ठरीव शेरेच लिहून आणत, हे वाचून मला आमच्या शाळेबद्दल फार बरं वाटलं. क्रम मात्र मी कधी जखडला नाही. कुणी ओळीपासून सुरुवात करून सूत्राला शेवटी पोचतं, तर पोचू दे. म. वा. धोंडांचं ज्ञानेश्वरीवरचं किंवा मर्ढेकरांवरचं लेखन वाचताना तीच मजा येते : आधी ते एखाद्या शब्दापाशी अडून बसतात, आणि निष्कर्ष नंतर हळूच येतो.

पुस्तक संपल्यावर उरलेल्या तासांना मी बालकवींची 'औदुंबर' घेते. आठच ओळी, आणि ती उदास आहे की निवांत यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. एका वर्षी एक मुलगा घरून तयारी करून आला. बालकवी 1918मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा ते 27 वर्षांचे होते, हे त्याने वाचलं होतं. त्याने लिहिलं, पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते, कारण कवीला मृत्यू जवळ दिसत होता. मी म्हटलं, हे स्टेशन कवितेबाहेरचं आहे. कवितेत बोट कुठे ठेवशील? तो म्हणाला, "रंगांवर, बाई. आधी निळा, मग हिरवा, मग पांढरा, आणि शेवटी काळा. कविता अंधारतच जाते." सांधा पक्का होता. मीही मान डोलावली.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "वाट पांढरी का आहे पण? रोज पाय पडतात म्हणून. चार घरांचं गाव, नळ नाही. बाया पाण्याला जात असतील." ती वाडीवरून येणारी होती, उन्हाळ्यात शाळेआधी पाण्याची खेप तिच्याकडे असायची. मुलगा हटला नाही. पाण्याची वाट असती तर सरळ असती, माणूस जवळची वाट धरतो. ही वेडीवाकडी का? ती म्हणाली, "गाव टेकडीकडे आहे ना? भरला हंडा डोक्यावर घेऊन सरळ चढून दाखव." वर्ग हसला. ती थांबली नाही. काळं पाणी भीतीचं असतं तर कवीने त्या काळेपणाला गोड म्हटलं नसतं, असं तिने पुढे जोडलं. मग तो म्हणाला, गोड आहे म्हणूनच तर भीती. घंटा झाली तरी दोघं उभीच.

जाता जाता त्याने विचारलं, "बाई, परीक्षेत आली तर यातलं कुठलं लिहायचं?"

"दोन्ही लिही. तीन मथळ्यांत बसव."

"मावणार नाही."

"पुरवणी घे."