वाट पाहायला लाव

मनमाड

चि. बाळास,


तुझा फोन ठेवला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पहिली 70 पानं काढून टाकतोयस म्हणालास. कुणी मित्र म्हणाला की कादंबरीला वेग नाही, आणि तू लगेच कात्री हातात घेतलीस. अरे, निदान विचारायचं तरी! त्या पानांत आप्पा आहेत, मालधक्का आहे, रात्री नळावर बसलेली आक्का आहे. ती पानं गेली तर उरतं काय?

कादंबरी रेंगाळते, हे मलाही मान्य. पण कुठे, ते नीट बघ. नळाचं प्रकरण परत वाच. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, आणि आक्का ती पहिली बादली अंगण शिंपायला बाजूला काढते. पाणी जाण्याआधी पिंप भरेल का, याचा घोर लागतो, म्हणून आपण पुढे वाचत राहतो. इथल्या पाण्याचं तुला काय सांगायचं? पालखेडचं आवर्तन सुटलं, पाटोद्याचा तलाव भरला, तरी आपल्या गल्लीत नळ कधी येईल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. या प्रकरणाला संथ म्हणणाऱ्याने हे पाणी कधी भरलेलं नाही.

रेंगाळते ती पुण्याच्या होस्टेलमध्ये. तीच टपरी, तोच चहा, तेच तिघे मित्र, आणि प्रत्येक वाद पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या वादांनी कुणाचं काही बदलत नाही. ती दोन वर्षं दोन ओळींत गेली तरी वाचकाचं काही अडणार नाही. उलट धक्क्यावर मालाची गाठ अंगावर पडून माणूस जायबंदी होतो, तो प्रसंग तू अर्ध्या पानात उरकलास. जिथे थांबायचं तिथे पळालास आणि जिथून पळायचं तिथे मुक्काम ठोकलास. होस्टेलवर लिहायचंच असेल तर 'कोसला' पुन्हा काढ. त्यातला सांगवीकर कॉलेजची वर्षंच्या वर्षं भराभर मागे टाकत जातो, आणि बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी त्याचं सांगणंच बदलून जातं. तिथे त्याला पुढे जाववत नाही, आपल्यालाही नाही. 1963 पासून लोक ते पान विसरलेले नाहीत.

आता माझं ठाम मत ऐक, मग हवं तर रागव. कादंबरीला वेग येतो तो वाचकाला वाट पाहायला लावल्याने. कशाची वाट पाहायची हे त्याला लवकर कळलं, की तू सावकाश सांगितलंस तरी तो बसून राहतो. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' 1939 चं. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात, फिरतात, बोलतात. पण मुंबई आली की त्याला उतरायचंय आणि ज्यू असलेल्या तिला पुढे जायचंय, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून डेकवरचं साधं बोलणंही जीव मुठीत धरून वाचलं जातं. हरिभाऊ आपट्यांना पाल्हाळिक म्हणायची पद्धतच पडली आहे. पण 'पण लक्षात कोण घेतो?' साप्ताहिक 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने येत होती, तेव्हा यमूचं पुढे काय होणार या काळजीवरच वाचक पुढच्या अंकापर्यंत तग धरत होते. ती काळजी हरिभाऊंनी पेरली होती.

तुझ्याकडे तर आयती बोट आहे, बाळा! आप्पा धक्क्यावर होते तेव्हा औरंगाबादकडची लाइन मीटरगेज आणि मुंबईची ब्रॉडगेज. रुळांची रुंदीच वेगळी, म्हणून मराठवाड्यातून आलेला माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. किती घरं त्या पोत्यांवर चालली! आप्पांच्या खांद्याला पडलेला घट्टा तू लहानपणी बोटाने दाबून बघायचास, आठवतं? नव्वदच्या दशकात तीही लाइन ब्रॉडगेज झाली आणि ते काम संपलं. लाइन बदलणार ही बातमी तू पार 200 व्या पानावर देतोस. ती दहाव्या पानावर दे. धक्क्यावरच्या चहात कुणीतरी सहज बोलून जाऊ दे. मग पुढचं प्रत्येक पोतं, आप्पांचा प्रत्येक पगार, आक्काची प्रत्येक उधारी वाचकाला टोचत राहील. ज्या 70 पानांवर तू कात्री धरलीयस त्यातला बाकी एकही शब्द न बदलता ती धावायला लागतील.

दुसरं, मोठ्याने वाच. मनातल्या मनात वाचताना आपण आपल्यालाच माफ करत जातो. या रविवारी आईसमोर बस आणि एक प्रकरण वाचून दाखव. तिचा हात भाजी निवडायचा थांबला, की तिथे टिंब कर. तिचं लक्ष दुधाकडे गेलं, की तिथे रेघ मार. पण नोकरी सोडण्याचा विषय तेव्हा काढू नकोस. परवा तू तो बोलून दाखवलास आणि ती हबकली आहे, मला रडवेल्या आवाजात सांगत होती. रोज दोन-दोन वाजेपर्यंत जागतोस म्हणे. उपाशीपोटी चहावर चहा घेऊन लिहिलेलं सकाळी आपल्यालाच कडू लागतं आणि मग माणूस रागाने पानं फाडतो. मला भीती वाटते ती त्याचीच. जेवत जा, वेळेवर झोपत जा. आणि जुन्या खर्ड्याची एक प्रत माझ्याकडे पाठव, इथे ट्रंकेत सुरक्षित राहील.

एवढं एक माझं ऐक. वही घे आणि प्रत्येक प्रकरणापुढे एकच वाक्य लिही: इथे वाचक कशाची वाट पाहतोय? ज्या प्रकरणापुढे उत्तर लिहिता येणार नाही ते खुशाल काढ, ते कितीही सुंदर उतरलेलं असो. बाकी एकही पान काढू नकोस.

तुझी
मावशी