पिशवीचा सवाल

आमच्या बीबीत बायकांच्या दुखण्याला नाव नसते. लोणार तालुक्यातले, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. नावच बीबी, पण बीबींच्या दुखण्याविषयी बोलायचे तर आधी दार लोटून घ्यावे लागते. "तब्येत बरी नाही" एवढ्यात सगळे येते. एक वाक्य मात्र ओट्यावर बसून, भाजी निवडता निवडता सहज बोलले जाते: "तिची पिशवी काढली." घरात उर्दू बोलणाऱ्या आम्हा लोकांत तीच पिशवी 'बच्चेदानी' होते. दोन्ही शब्दांत खोट एकच. पिशवी रिकामी झाली की टाकून द्यायची, आणि बच्चे झाले की बच्चेदानीचे काम संपले. आम्ही उर्दू शिकवतो म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. उर्दूत गर्भाशय आणि दया हे दोन्ही शब्द रे, हे, मीम या एकाच तीन अक्षरांनी लिहिले जातात. रहमान आणि रहीम या नावांचे मूळही तेच.

आमच्या थोरल्या भाभींचे वय अडतीस, मुले तीन. (त्यांना विचारूनच लिहीत आहोत. "लिहा, पण नाव नको," म्हणाल्या.) वर्षभर त्यांच्या महिन्यातले बारा-पंधरा दिवस अंगावर जात होते. चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. कुणाला काही सांगितले नाही. रमजानमध्ये सेहरीच्या वेळी चक्कर येऊन पडल्या तेव्हा घरात कळले. हिमोग्लोबिन सहा निघाले. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि दहा मिनिटांत निर्णयही झाला: गाठ आहे, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. आमच्या घरात 'गाठ' शब्द ऐकला की थेट कफन आठवते. भाईजान पैशांच्या जुळवाजुळवीला लागले. अम्मी म्हणाल्या, मुले झाली, आता तिचे काय काम?

या गाठीला डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, उर्दूत रसोली. गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूंचीच ती वाढ असते. ती कॅन्सर नव्हे, आणि तिचा कॅन्सर होणे हजारात एकीच्याही वाट्याला क्वचित येते. पाळी चालू असेपर्यंत ती शरीरातल्या संप्रेरकांवर पोसते, पाळी गेली की बहुधा आकसते. कितीतरी बायकांना ती असते आणि जन्मभर कळतही नाही. हे आम्ही पुस्तकांत वाचले आणि भाईजानना म्हटले, पैसे जमवा, पण आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

जालना ओलांडून छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी भाभींनाच विचारले, "तुम्हाला कशाचा त्रास होतो?" भाभी आमच्याकडे बघू लागल्या. त्यांना मराठी कळते, पण या विषयातले एकही मराठी वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात कुणा परक्यासमोर उच्चारलेले नव्हते. त्या उर्दूत बोलल्या, आम्ही मराठीत सांगितले. बाईंनी कागदावर उलटा पेरू काढला आणि त्यात तीन ठिकाणी ठिपके दिले. गाठ आतल्या पोकळीत आहे, भिंतीत आहे की बाहेरच्या अंगाला, यावर उपाय ठरतो. पोकळीत असेल तर पोटावर एकही टाका न घालता, खालच्या वाटेने दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते. भिंतीत किंवा बाहेर असेल तर पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून बघत गाठ तेवढी काढतात आणि गर्भाशय शिवून जागेवर ठेवतात. लहान गाठीला पुष्कळदा गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवायची औषधाची तांबी पुरते.

आणखी एक उपाय ऐकून आम्ही थक्क झालो. मांडीच्या सांध्यातल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी थेट गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे बारीक कण सोडून गाठीचे रक्त तोडतात. गाठ उपाशी पडते आणि काही महिन्यांत आकसते. पॅरिसच्या जाक राविना यांनी सहकाऱ्यांसह हे १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मुळात ते शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून आधी रोहिणी बंद करत. पुढे लक्षात आले की कित्येक बायकांचा त्रास तेवढ्यानेच थांबला, शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही! हे काम मोठ्या शहरातच होते, आणि जिला पुढे मूल हवे आहे तिला सहसा सुचवत नाहीत.

भाभींची गाठ साडेतीन सेंटिमीटरची, बहुतेक पोकळीत उतरलेली. आधी शिरेतून लोह देऊन रक्त वाढवले, मग दुर्बिणीने गाठ काढली. दुसऱ्या दिवशी घरी. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा. गाठ पुन्हा होऊ शकते म्हणून वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. सगळ्यांचे असेच होते असे नाही. आमच्या एका खालांचे गर्भाशय गाठींनी नारळाएवढे झाले होते, वय पन्नासच्या घरात. त्यांचे काढले, आणि ते योग्यच झाले.

शेजारच्या मराठवाड्यातली गोष्ट मात्र वेगळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास दर सहावी बाई. कामावर खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी, त्यात पाळी. मग डॉक्टर कॅन्सरचे नाव घेतो आणि बाई हो म्हणते. सोबत बीजकोशही काढले तर ऐन उमेदीत हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. याच महाराष्ट्रात, पुण्यात, मे २०१७ मध्ये एका आईचे गर्भाशय तिच्या लेकीला बसवले गेले. देशातले ते पहिले प्रत्यारोपण. एकीकडे ही किमया आणि दुसरीकडे फडातली ती पिशवी! विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बजावले.

आपल्या घरांतली एक अडचण डॉक्टरांना ठाऊक नसते. रक्त थांबत नाही म्हणून भाभींनी महिनोन्‌महिने निम्म्या नमाजा सोडल्या होत्या आणि ते दुखणे आजारापेक्षा मोठे होते. हनफी फिकहप्रमाणे हैजची मुदत जास्तीत जास्त दहा दिवस. त्यापुढचे रक्त इस्तिहाजा, म्हणजे आजार. त्यात प्रत्येक नमाजच्या वेळी वुजू करून नमाज पढायची असते, रोजाही ठेवायचा असतो. फातिमा बिन्ते अबी हुबैश यांनी हाच सवाल मदिन्यात थेट हुजूरांना (स.) विचारला होता. हे हैज नव्हे, शिरेचे रक्त आहे, असे त्यांना सांगण्यात आले. यात आजचे विज्ञान शोधत बसण्याची आम्हाला हौस नाही. एका बाईने तो सवाल विचारला, तिला कुणी गप्प केले नाही, आणि चौदाशे वर्षे तो तिच्या नावानिशी सांगितला जातो, हे आम्हाला मोठे वाटते. आमच्या मदरशांतल्या पोरी ही हदीस पाठ करतात आणि घरी आईला मात्र पाळीचे दिवस सांगत नाहीत.

भाभींची फाइल आता मोहल्ल्यात फिरते. गेल्या जुम्याला एक बाई आपली फाइल घेऊन आल्या. वय एकतीस, पिशवी काढायची तारीख ठरलेली. आम्ही डॉक्टर नाही. रिपोर्ट तेवढा वाचून दाखवला: दोन गाठी, दोन-दोन सेंटिमीटरच्या, बाहेरच्या अंगाला. कागदाच्या एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत तीन प्रश्न लिहून दिले. माझा त्रास याच गाठींमुळे आहे का? त्या न काढता काय करता येईल? काढायच्याच तर पिशवी ठेवून काढता येतील का? त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारले, "बाजी, ये मैं पूछूँ या बच्चों के अब्बा पूछें?"

तुम्हीच विचारा, आम्ही म्हटले. सोमवारी त्या संभाजीनगरला जाणार आहेत, आम्ही रजा टाकली आहे.