विषाणू बदलला की वेदना उरली?

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीचा औषधावरचा विश्वास पेनिसिलिनने घडवला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्या गावातले औषध देशभरातील रुग्णांपर्यंत पोहोचते, याचा अभिमान घरोघरी होता. त्यातूनच एक समजूतही रुजली. ताप असो वा फोड, भारी अँटिबायोटिक घेतले की काम झाले! गेल्या वर्षी माझ्या पत्नीला नागीण झाली, तेव्हा नातेवाइकांकडून आलेला पहिला सल्ला हाच होता. दुसरा सल्ला लाल काव लावण्याचा, आणि तिसरा केवळ भीतीचा : नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस हाती लागत नाही.

भीतीचे उत्तर सोपे आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गुच्छांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले आणि प्रतिकारशक्ती मंदावली की तो जागा होतो व एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. म्हणून पुरळाचा पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. तोंड आणि शेपूट जुळण्याचा प्रश्न येत नाही.

आमच्याकडे पुरळ दिसल्याच्या दुसऱ्याच दिवशी औषध सुरू झाले. मुलगा चाकणला दुसऱ्या पाळीत होता. सूनबाई सासूला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेली. पाचव्या दिवशी मात्र घरात निराशा पसरली. डाव्या बरगडीखालची आग तशीच होती. रात्री अंगावरचा पदरही सहन होत नव्हता. भाच्याने निदान केले, "मामा, विषाणू बदलला असणार. नवा व्हेरिएंट. गोळी लागू पडत नाही." करोनाच्या काळात हे शब्द आपल्या सर्वांच्या ओठी बसले आहेत. डेल्टा हा प्रकार प्रथम भारतातच सापडला होता. त्यामुळे भाच्याची शंका अगदीच पोरकट म्हणता येत नव्हती.

डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काका, काकूंच्या वेदनेसाठी वेगळे औषध देतो. पण गोळी लागू पडते आहे का, हे वेदनेवरून ठरवू नका. नवे फोड येतात का, ते रोज पाहा." या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझे पुढचे काही दिवस गेले. तो अर्थ इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत उभी राहू देत नाही. विषाणूला तशी भिंतच नसते. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर वाढतो. त्याला मारू पाहावे तर आपलीच पेशी घायाळ व्हायची. म्हणून औषधाला अशी जागा शोधावी लागते, जिथे विषाणू स्वतःचे हत्यार वापरतो. नागिणीच्या विषाणूजवळ सुमारे सव्वा लाख अक्षर-जोड्यांचा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करण्यासाठी स्वतःची प्रथिने असतात. त्यांतील दोन आपल्या कामाची. पहिले थायमिडिन कायनेज. ते डीएनएचा कच्चा माल तयार करण्यास हातभार लावते. दुसरे डीएनए पॉलिमरेज. ते एकेक अक्षर जोडत नवी साखळी विणते.

अ‍ॅसायक्लोव्हिर ही नागिणीची जुनी, परिचित गोळी या दोघांनाही फसवते. तिचा रेणू डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकासारखा दिसतो. पण पुढचे अक्षर अडकवायचा आकडाच त्याला नसतो. शरीरात जाताना तो निष्क्रिय असतो. विषाणूचे थायमिडिन कायनेज त्याला खरा माल समजून पहिला फॉस्फेट जोडते, उरलेले दोन आपली पेशी जोडते, आणि मग पॉलिमरेज त्याला साखळीत बसवते. तेथेच साखळी खुंटते. निरोगी पेशीत विषाणूचे ते कायनेज नसल्याने औषध तेथे जवळजवळ जागेच होत नाही. ही युक्ती ज्या संशोधनातून आली, त्यामागील गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

मग विषाणूचे प्रथिनच बदलले तर? मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केले, त्यामुळे हे मला फिक्स्चरच्या भाषेत कळते. फिक्स्चरची खाच ठरावीक मापाच्या जॉबसाठी कोरलेली असते. जवळपास त्याच मापाचा खोटा जॉब तीत बसतो, हे औषधाचे यश. खोटा जॉब बसू नये म्हणून खाचेचा कोपरा घासला, तर खरा जॉबही नीट बसेनासा होतो आणि उत्पादन घटते. प्रथिनाचे तसेच आहे. डीएनएतील एक अक्षर चुकले की प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते आणि खाचेचा आकार पालटतो. पॉलिमरेज असे बदलले तर औषधाला नकार देते. पण पुष्कळदा त्याचे स्वतःचे नक्कल करण्याचे कामही मंदावते. कायनेज बिघडले किंवा अर्धवटच तयार झाले, तर औषध जागे होत नाही. पण विषाणूलाही कच्च्या मालाची चणचण भासते. हर्पिस कुळातील विषाणूंवर झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत, कायनेज गमावलेला विषाणू मज्जापेशींतून पुन्हा जागा होण्यात दुबळा ठरलेला दिसला.

सुटकेची किंमत विषाणूला अशी मोजावी लागते. शिवाय या विषाणूचे पॉलिमरेज आपल्या चुका तपासून खोडतही जाते. त्यामुळे करोनासारख्या आरएनए विषाणूंच्या मानाने तो फार सावकाश बदलतो. म्हणून प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या ज्येष्ठाला पहिल्यांदाच नागीण झाली असेल, तर औषधाला न जुमानणारा विषाणू हे कारण अतिशय दुर्मीळ.

बदललेल्या प्रथिनांचा अभ्यास आपल्या शेजारीच होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. पूर्वी 'नारी' या नावाने ओळखल्या जात असलेल्या या संस्थेत एचआयव्हीच्या औषधविरोधाचेही संशोधन होते. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो, आणि ते काम करणाऱ्या प्रथिनात १८४व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले की लॅमिव्हुडिन हे औषध निष्प्रभ होते. त्याच बदलाने त्या प्रथिनाची नक्कल करण्याची ताकदही काहीशी घटते. पण एचआयव्ही सतत वाढत आणि वेगाने बदलत असतो. गोळ्या चुकल्या, रक्तातील औषध कमी झाले, की औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूला संधी मिळते. म्हणून तेथे एकही गोळी न चुकवणे हाच खरा बचाव. हिपॅटायटिस बी असलेल्यांनीही आपल्या मनाने औषध थांबवू नये. यकृताचा आजार एकाएकी उसळू शकतो.

मग पाचव्या दिवशीची वेदना कसली होती? गोळी नवी नक्कल रोखते; आधीच सुजलेला, दुखावलेला मज्जातंतू ती दुरुस्त करीत नाही. जखम झालेली असते, ती बरी व्हायला वेळ घेते. वय जितके अधिक, तितकी ही वेदना रेंगाळण्याची शक्यता अधिक. काहींना ती तीन महिन्यांहून जास्त छळते. तिच्यासाठी स्वतंत्र औषधे आहेत आणि ती मागून घ्यावीत. सोसत राहण्यात काही शौर्य नाही. आमच्याकडे त्या पाचव्या दिवसानंतर एकही नवा फोड आला नाही, आणि दहाव्या दिवशी सगळ्यांवर खपली धरली. गोळीने आपले काम चोख केले होते. पत्नीची आग मात्र पुढे दोन महिने हळूहळू ओसरत गेली.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांसाठी यातून काही गोष्टी निघतात. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले, तर लाभ सर्वांत जास्त. पाळ्यांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या घरांनी रविवारची वाट पाहू नये. अ‍ॅसायक्लोव्हिरची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस अशी असते. मूत्रपिंडे कमजोर असतील तर ती कमी करावी लागते, अन्यथा वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. म्हणून क्रिएटिनिनचा जुना अहवाल सोबत न्यावा. पाणी पुरेसे प्यायला द्यावे. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. फोड सुकेपर्यंत तान्ही बाळे आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे.

खरी सावधगिरी हवी ती काही मोजक्या रुग्णांबाबत. कर्करोगाचे उपचार, अवयव किंवा अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, एचआयव्ही, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडे यांपैकी काही असेल आणि दहा दिवसांच्या नियमित उपचारानंतरही नवे फोड येत असतील, तर भाच्याने विचारलेला प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. तेव्हा फोडातील विषाणूची तपासणी करता येते, आणि थायमिडिन कायनेजवर अवलंबून नसलेले फॉस्कार्नेट हे शिरेतून द्यायचे औषध रुग्णालयात वापरता येते. ते मूत्रपिंडांना जड जाते, म्हणून कारणाशिवाय देत नाहीत.

२०२३ पासून आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची नवी लस मिळते. तीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या पृष्ठभागावरचे एकच प्रथिन असते. दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या. पत्नी पुरती बरी झाल्यावर आम्ही दोघांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेतली. आणि औषधांच्या डब्यात एक कोरी वही ठेवली आहे. पुरळ कधी दिसले, पहिली गोळी किती वाजता दिली, नवा फोड शेवटचा कधी दिसला, एवढे तीन रकाने तिच्यात आखलेले आहेत. शेजारी कोणाला नागीण झाली की सूनबाई ती वही त्यांच्याकडे नेऊन देते.