पाणी जाते त्या वाटेने

आमच्या गोठ्यात मागच्या भिंतीला एक काळी २४ इंची सायकल तीस वर्षे टांगलेली होती. तिला कुणी हात लावीत नसे. मध्ये एकदा भिंतीला गिलावा केला तेव्हा गवंड्याने ती उतरवून बाजूला ठेवली आणि काम झाल्यावर कुणी न सांगता परत होती तिथे टांगली. ती माझ्या थोरल्या बंधूंची, दादांची सायकल.

दादा १९९४ च्या डिसेंबरात गेले. बाजार करून येताना दिवस बुडाला होता. गळिताचा हंगाम, मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एक ट्रॉली बिघडून रस्त्यातच उभी होती. तिला ना दिवा, ना लाल फडके. दादांनी तिला वळसा घातला आणि मागून ट्रक आला. सायकलचे नुसते हँडल वाकडे झाले होते. वहिनी तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. आईने मला देवापुढे उभे केले आणि सायकल सुटली ती सुटलीच.

दादांची आणि माझी एक जुनी बोली होती. १९७२ च्या दुष्काळात दादा कोळकेवाडी धरणाच्या कामावर गेले. ते एकोणीस वर्षांचे, मी अकरा. परत आल्यावर त्यांनी मला कराडला प्रीतिसंगमावर नेले. कोयना कृष्णेला मिळते तिथे उभे करून म्हणाले, "हे काय सगळं पाणी न्हवं. बाकीचं डोंगराच्या पोटातनं पलीकडं जातं." मला ते खरेच वाटेना. नदी डोंगरातून खाली येते हे ठाऊक होते. डोंगर फोडून पलीकडे कशी जाईल? पण जाते. शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. त्यातले वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला सोडता येते. ते बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात पडते, मग कोळकेवाडीच्या धरणात अडते, तिथे पुन्हा वीज करते आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीची वाट बघताना आम्हा काठच्या शेतकऱ्यांना हा हिशेब आठवतो. पण तो वाद आज नको.

दादा म्हणाले होते, "एकदा दोघं सायकलीवर जाऊ, पाणी समुद्राला लागतं तिथवर." मग दादांचे लग्न झाले, विहीर काढली, विहिरीचे कर्ज झाले, माझे लग्न झाले. दरवर्षी ऊस गेला की जायचे ठरे आणि दरवर्षी खोडव्याचे काम निघे. ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात वेगळी सांगायला नको.

मी आता चौसष्ट वर्षांचा आहे. शेत मुलगा बघतो. गेल्या दिवाळीनंतर एका रात्री जेवताना मी बोलून गेलो, "औंदा ऊस गेल्यावर चार दिवस समुद्राकडं जाऊन यावं म्हणतो. सायकलीवर. एकटाच." मुलगा हसला. सौभाग्यवतींनी भाकरी थापता थापता हात थांबवला. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

दोन दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी धार काढत होतो, तेव्हा वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, कुठली सायकल नेणार?"

मी वर भिंतीकडे बघितले. त्यांनीही बघितले.

"न्यावा," त्या म्हणाल्या. "पर जिथं ट्रक हाय, तिथं तुमी न्हाई. आन् दिवस बुडायच्या आत एकाद्या घरात."

माझ्या सहलीची सगळी आखणी या दोन वाक्यांवर झाली. शहरातली हौशी माणसे गर्दी नको म्हणून आडरस्ते शोधतात, देखावा बघायला मिळतो म्हणून शोधतात. मला तो शब्द पाळायचा होता. देखावा आपोआप मिळाला.

पहिली अडचण दारातच. गळितात आमच्याकडचे रस्ते सायकलवाल्याचे राहत नाहीत. शिवाय कोकणात उतरायचे तर आम्हाला जवळचा कुंभार्ली घाट. कराड-चिपळूण रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे आणि घाटात रात्रंदिवस ट्रक. मी दुसरे घाट शोधले. आंबेनळी खूप वळशाचा आणि महाबळेश्वरच्या पाहुण्यांनी भरलेला. आंबा घाटातही अवजड वाहने. आठ दिवस नकाशा उलटासुलटा केला, आणि शेवटी कबूल केले की घाटातून सायकलने उतरायचे नाही.

आमच्या शेजारगावचा एक टेम्पोवाला भाजी घेऊन पहाटे कोकणात जातो. घाटावरची मेथी-कोबी सकाळी तिकडच्या बाजारात. त्याला विचारले. तो म्हणाला, "कोबीवर सायकल टाकू, तुमी पुढं बसा. शृंगारतळीला माल उतरतो, तिथं सोडतो." शृंगारतळी म्हणजे गुहागर तालुक्यातली बाजारपेठ. म्हणजे घाटही टळला आणि चिपळूण-गुहागर हमरस्ताही टळला. सायकलची सहल टेम्पोतून सुरू होणार म्हणून मुलाने चेष्टा केली. मलाही थोडी लाज वाटली, नाही असे नाही. पण शब्द तो शब्द.

आता पुढचे रस्ते. दादांची नात कॉलेजात आहे. तिने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. रस्ते बोटभर दिसतात, पण त्यांवर काय धावते ते कसे कळणार? मी माझी युक्ती काढली. एस.टी. च्या चौकशी खिडकीला फोन करून विचारायचे, अमुक गावाहून तमुक गावाला दिवसात गाड्या किती? तासाला एक असेल तर तो रस्ता आपला नव्हे. सकाळी एक, संध्याकाळी एक, मुक्कामी एक, असे उत्तर आले की तो आपला. नातीला ही युक्ती इतकी आवडली की पुढचे फोन तिनेच केले.

त्यातून असा मार्ग निघाला. शृंगारतळीहून धोपावे, तिथे वाशिष्ठीची खाडी. मग गुहागरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. तिसऱ्या दिवशी तवसाळला फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड आणि पुढे मालगुंड, म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव. चौथ्या दिवशी गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर. मुलगा म्हणाला, एवढे तर तुम्ही पूर्वी एका सकाळी मारायचा. त्याने कोकणातला रस्ता बघितला नव्हता.

तो रस्ता नकाशावर समुद्राकाठाने जातो म्हणून सपाट वाटतो. तसा तो नाही. प्रत्येक गाव खाडीकाठी किंवा वाडीत खाली, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा. खाली उतरलात की लगेच चढायचे, वर चार किलोमीटर उघडा माळ, की पुन्हा खाली. टेम्पोवाल्याने हे आधीच सांगितले हे बरे झाले. मी मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० दात्यांचे बसवले. दोन दात्यांनी काय होते म्हणाल तर चढाला गुडघा दुखायचा थांबतो. ब्रेकचे रबर नवे, टायर-ट्यूब नवी, छर्रे बदलून ओव्हरॉइलिंग. मिस्त्री जुना माणूस. त्याने हँडल सरळ करायला पाना लावला, मग माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, "ही दादांचीच का?" पैसे त्याने फक्त सामानाचे घेतले.

दिवसही बघून घेतले. २६ जानेवारीची जोडून सुट्टी टाळली. शनिवार-रविवारी गणपतीपुळ्याला पोचायचे नाही, संकष्टीला तर नाहीच. शिमग्याला मुंबईकर गावी येतात, रस्ते भरतात. त्याच्या आधीच जायचे. शिवाय वारा. त्या दिवसांत दुपारनंतर तिकडे वायव्येकडून वारा सुटतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जायचे, म्हणजे तो फार करून पाठीवर राहतो. हे मला कुणी शिकवले नाही. उफणणी करणाऱ्याला वाऱ्याची दिशा आधी बघायची सवय असते. आमचा ऊस जानेवारीच्या मध्याला गेला. पाचटाची कुट्टी, बुडखे छाटणे, पहिले पाणी, खत एवढे उरकून फेब्रुवारीचा पहिला आठवडा मोकळा निघाला. सोमवारी पहाटे निघायचे, गुरुवारी संध्याकाळी टेम्पो रत्नागिरीच्या बाजारातून मला परत उचलणार.

महिनाभर सराव केला. कॅरिअरवर दहा किलो ज्वारीचे पोते बांधून रोज पहाटे गावरस्त्याने नदीपर्यंत. पहिल्या दिवशी पारावरच्या मंडळींनी विचारले, "आबा, दळाण कुठं न्यायचंय?" आठव्या दिवशी विचारायचे सोडले. डॉक्टरांनी रक्तदाब बघून होकार दिला, पण दुपारी बारा ते तीन सावलीत बसायचे कबूल करून घेतले. मुक्कामाच्या तिन्ही ठिकाणी घरगुती खोल्यांना आधी फोन केले. एकटा माणूस सायकलवर येणार म्हटल्यावर एकीकडे बाईंनी विचारले, "घरून भांडून नाही ना निघालात?"

सामान थोडे. दोन कपडे, टॉवेल, पंप, पाना, पंक्चरचे सोल्युशन आणि ठिगळे, पाण्याच्या दोन बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. सौभाग्यवतींनी बांधून दिलेल्या दशम्या सहा माणसांना पुरल्या असत्या. निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी लाल रेडियमची पट्टी आणून दिली, कारखाना ट्रॉल्यांना लावतो तसली. मागच्या मडगार्डवर त्यांनी ती स्वतः चिकटवली. वाकडी चिकटली, पण मी काढली नाही.

सोमवारी पहाटे तीनला कोबीवर सायकल चढली. घाटात आमच्या पुढे-मागे ट्रकच होते. एका वळणावर टेम्पोच्या दिव्यात कठड्याशी एक सायकलवाला दिसला, बहुधा कामावरून परतणारा, पायीच सायकल ढकलत चाललेला. मी मागे वळून बघत राहिलो.

शृंगारतळीला उजाडले. चहा घेतला, हवा तपासली आणि धोपाव्याच्या वाटेला लागलो. पहिल्या तासात समोरून एक दुचाकी, एक शाळेची गाडी आणि एक म्हशींचा कळप एवढेच आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याला मोहोर होता, त्याचा वास. सड्यावर गवत वाळून सोनेरी झालेले. पहिल्याच चढाला मी उतरलो आणि सायकल हातात धरून चाललो. कुणी बघत नव्हते, त्यामुळे अपमानही झाला नाही. एका ठिकाणी रस्ता चुकून दोन किलोमीटर उलटा गेलो; तिथे फोनला रेंज नव्हती आणि एस.टी. ची युक्तीही चालली नाही. एका आजींनी बांधावरून हाक मारून परत फिरवले.

अकराला धोपाव्याच्या धक्क्यावर पोचलो. पलीकडे दाभोळ, मध्ये रुंद खाडी, डावीकडे अंजनवेलच्या बाजूला मोकळा समुद्र. इथली फेरीबोट २००३ पासून चालते. ट्रक, मोटारी, माणसे सगळे एकदम नेते. म्हणजे दादांच्या वेळी ती नव्हती. आम्ही दोघे आलो असतो तर इथूनच माघारी फिरलो असतो, नाहीतर होडीत सायकली घातल्या असत्या. ओहोटी होती. खालच्या पायरीवर उतरून मी हात बुडवला, जिभेला लावला.

रेंज आल्याबरोबर घरी फोन केला. तो वहिनींनीच घेतला.

"पोचलासा?"

"पोचलो. कुठं ट्रक लागला न्हाई."

"खाल्लं का काय?"

"खातो आता."

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाणी कसं हाय?"

"खारट."

"मग आपलं कुठलं, ते कसं वळखायचं?"

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, ओळखता येत नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि ऊन चढायच्या आत सावलीला बसा म्हणून फोन ठेवला. फेरीबोट धक्क्याला लागली होती. मला खरे तर गुहागरला जायचे होते, पलीकडे काही काम नव्हते. तरी माझे एक आणि सायकलचे एक अशी दोन तिकिटे काढली आणि पलीकडे दाभोळला जाऊन त्याच बोटीने परत आलो.