उदोन थानीकडचे घराचे सामान

थायलंडच्या ईशान्येकडील पठाराला इसान असे नाव आहे. सराबुरीहून निघून कोराट, खोन केन, उदोन थानी ही शहरे जोडत मेकाँगच्या काठी नोंग खाईला पोहोचणारा येथील मुख्य रस्ता ‘मित्रफाप’ या नावाने ओळखला जातो. हा आपला मित्रभावच. उदोन म्हणजे उत्तर, थानी म्हणजे धानी. आणि या रस्त्याच्या कडेला ज्या मोठमोठ्या दालनांवर ‘वत्सदु’ अशी पाटी दिसते, तो शब्द म्हणजे आपली ‘वस्तू’. ‘वत्सदु को-सांग’ म्हणजे बांधकामाचे साहित्य. शब्द इतके घरचे असले तरी लिपी मात्र परकी, आणि उच्चारातील चढउतार त्याहून परके. ‘छांग’ हा शब्द एका सुरात कारागीर होतो आणि दुसऱ्या सुरात हत्ती. आपण गवंडी मागावा आणि समोरच्याने चकित होऊन पाहावे, असे तेथे सहज घडते.

माझा धाकटा चुलतभाऊ पंधरा वर्षे बँकॉकमध्ये रत्नांच्या व्यापारात होता. त्याची पत्नी उदोन थानी प्रांतातील एका खेड्यातील. आता दोघे तिच्या गावी स्थायिक झाले असून गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घराचे काम चालू होते. आमचे घराणे सांगलीकडचे. तीन पिढ्यांचा लोखंड-सिमेंटचा व्यवसाय. तेव्हा खरेदीला सोबत म्हणून मी पाच आठवडे तेथे राहिलो. गावात माझा परिचय ‘लोखंड ओळखणारा भारतीय’ असा करून दिला जाई, याची मला अद्याप गंमत वाटते.

सामानाकडे वळण्यापूर्वी तेथील कायद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण प्रत्येक खरेदीवर त्याची छाया होती. १९५४ च्या जमीन कायद्याप्रमाणे, मोजके अपवाद सोडल्यास, परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये जमिनीची मालकी मिळत नाही. थाई पत्नी आपल्या नावे जमीन घेऊ शकते; मात्र परदेशी पतीला जमीन कचेरीत लिहून द्यावे लागते की हा पैसा सर्वस्वी तिचा आहे. परंतु कायदा जमीन आणि तिच्यावरील इमारत यांत भेद करतो. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधण्याचा हक्क परदेशी माणसाच्या नावे तीस वर्षांसाठी किंवा त्याच्या हयातीपर्यंत नोंदवता येतो, आणि मग घर त्याच्या मालकीचे असू शकते. अशा वेळी बांधकामाचा परवाना कोणाच्या नावे आहे आणि विटा, सळई, पत्रे यांची बिले कोणाच्या नावे फाडली आहेत, याला मोल येते.

बिलांचा हा आग्रह माझ्या भावाचा नव्हता. त्याला तसे म्हणण्याचा संकोच वाटे. आग्रह त्याच्या पत्नीचा होता. तिला तीन भाऊ आहेत, सगळे भले आहेत, तरी ती मला एकदा म्हणाली, “फी, जमीन माझी आहे, ती माझ्या माणसांकडे जाईल. पण उद्या मी नसले तर याला घराबाहेर काढणारे कोणी निघू नये.” ‘फी’ म्हणजे थोरले भावंड. तिच्या तोंडी तो शब्द आपल्याकडच्या ‘दादा’सारखाच वाटे.

त्यांची जागा एक ‘राय’ म्हणजे १६०० चौरस मीटर. आपल्या मापाने सोळा गुंठ्यांना किंचित कमी. भातखाचराची जमीन असल्याने आधी मातीचा भराव घालून एक पावसाळा ती तशीच बसू दिली होती. जो घाई करतो त्याच्या जोत्याला भेगा पडतात, हे तेथील शेंबडे पोरही सांगेल.

मापांच्या बाबतीत मला एक अनपेक्षित आनंद लाभला. कागदावर सर्वत्र मीटर-मिलिमीटर असले तरी दुकानातील बोलीत सळई आणि नळ ‘हुन’मध्ये मोजतात. एक हुन म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात आपला सूत! बारा मिलिमीटरची सळई ‘सी हुन’, म्हणजे चार सूत. अर्ध्या इंचाचा निळा पीव्हीसी नळही तोच चार हुन. चिनी व्यापाऱ्यांबरोबर आलेले हे माप आणि आपल्या लोखंड बाजारातील सूत एकाच इंचाचे सारखेच तुकडे करतात. मी बोटाने चार दाखवून ‘हुन’ म्हटले आणि दुकानातल्या पोराने अचूक गठ्ठा ओढला, तेव्हा पाच आठवड्यांतील माझे पहिले संपूर्ण थाई वाक्य पार पडले. वाळू-खडी मात्र ब्रासवर नाही, ‘क्यू’वर, म्हणजे घनमीटरवर मिळते. आपला एक ब्रास पावणेतीन क्यूंहून थोडा अधिक भरतो, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

खरेदीचे दोन मार्ग आहेत. एक हमरस्त्यावरची अजस्र दालने. यांतील दोन मोठ्या साखळ्या इसानमध्येच जन्मल्या: ग्लोबल हाउस रोई एतची, तर डूहोम उबोन रात्चथानीची. दुसरी तर ‘उबोन वत्सदु’ या नावाच्या साध्या दुकानातून वाढली. गावठाणातील पेढीचे पुढे काय होऊ शकते याचे हे उदाहरण आपल्या वाचकांना रुचावे. येथे वस्तूवर किंमत छापलेली असते, नाव न सांगता बोट दाखवून काम भागते, आणि सात टक्के मूल्यवर्धित कराचे रीतसर बिल मिळते. परक्या माणसाला हाच मार्ग सोपा.

दुसरा मार्ग तालुक्याच्या बाजारातील चिनी वंशाच्या कुटुंबाच्या दुकानाचा. पुढे गल्ला, मागे वखार, वर राहते घर. सकाळी सातपूर्वी शटर उघडते. गल्ल्यावर साठीच्या बाई. त्यांना सारे ‘जे’ म्हणतात, चिनी बोलीत थोरली बहीण, म्हणजे आपल्याकडची अक्का. दराची पाटी नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या भावाकडे न पाहता त्याच्या पत्नीला विचारले, “कशासाठी हवे? खांबाला की गुरांच्या कुंपणाला?” एवढ्या एका प्रश्नासाठी मी त्या दुकानाला मोठ्या दालनापेक्षा वरचे स्थान देतो. कारण तेथे सळई दोन प्रकारची मिळते: ‘भरलेली’ आणि ‘हलकी’. दिसायला दोन्ही बारा मिलिमीटर. भरलेल्या दहा मीटर सळईचे वजन आठ किलो नऊशेच्या आसपास भरायला हवे; हलकी त्याहून कमी भरते आणि अर्थातच स्वस्त पडते. सळईवर कारखान्याची खूण आणि ‘एसडी ४०’ अशी उठावदार अक्षरे आहेत का, शासकीय मानकाची ‘मो ओ को’ ही खूण आहे का, हे पाहून घ्यावे लागते. मी एक तुकडा ताजव्यात टाकायला सांगितला. जे हसल्या, आणि त्यानंतर माझ्याशी त्यांचे बोलणे दुकानदाराने दुकानदाराशी करावे तसे होऊ लागले.

सिमेंटमध्येही असाच भेद आहे. १९१३ साली राजाज्ञेने स्थापन झालेल्या सयाम सिमेंटपासून तेथे छाप पाहून पोते घेण्याची सवय आहे. वाघछाप गिलाव्याचे आणि विटांच्या जोडणीचे. खांबाला आणि स्लॅबला पोर्टलंड. पोती शेजारी शेजारीच रचलेली असतात आणि वाघाचे स्वस्त असते, म्हणून परक्याने गवंड्यावर विसंबण्यापेक्षा चित्र पाठ करावे. विटांविषयी माझे मत वेगळे पडले. गावातील तांबड्या ‘मोन’ विटा सुंदर असतात, पण लहान आणि बारीक. एकेरी भिंत दुपारी तापते ती रात्रीपर्यंत निवत नाही. भावाने हलके ठोकळे, आपले एएसी ब्लॉक, घेतले आणि पुढच्या व्हरांड्यापुरत्या मोन विटा ठेवल्या.

लाकडाचा प्रश्न मात्र सहज सुटणारा नव्हता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण थायलंडात महापूर आला. उघड्या डोंगरांवरून माती आणि तोडलेले ओंडके वाहत गावांवर आले. त्यानंतर १९८९ च्या जानेवारीत सरकारने नैसर्गिक जंगलातील तोडीवर बंदी घातली. आज इसानच्या जुन्या खांबांवरच्या लाकडी घरांशेजारी नवी घरे सिमेंटच्या फळ्यांनी लाकडाचा आव आणतात. वाळवी पाहता ते शहाणपणाचेही आहे. वहिनीला, म्हणजे माझ्या भावजयीला, तिच्या आजीच्या उतरवलेल्या घराचा एक दरवाजा हवा होता. तो मिळाला, बिल अर्थातच नाही.

बिल हीच जेंच्या दुकानातली अडचण होती. तेथे रोख व्यवहाराची छोटी पावती मिळते, नावाची जागा कोरी. थाई भाषेत रोख म्हणजे ‘ताजे पैसे’, आणि उधार म्हणजे ‘छुआ’, ज्याचा अर्थ विश्वास असाही होतो. जे गावातल्यांना छुआवर माल देत, वहीत फक्त टोपणनाव लिहून. त्यांना परदेशी माणसाच्या नावाचे, पारपत्रातील अक्षरांशी जुळणारे बिल हवे, याचे प्रथम वाईट वाटले. जणू आपल्या वहीवर भरवसा नाही. भावजयीने गल्ल्याजवळ बसून त्यांना शांतपणे सारे सांगितले. जे काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा लावून पूर्ण कराचे पुस्तक काढले आणि भावाचे नाव लिहिले. त्यापूर्वी मोठ्या दालनांच्या बिलांवर ते तीन तऱ्हांनी छापून आले होते. पारपत्र आणि परवाना समोर ठेवून जेंनी परवान्यावरचे लिखाण हेच बरोबर ठरवले, एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत काढून दिले आणि बजावले की जिथे जाल तिथे हे दाखवा.

तो पुठ्ठा वाळूवाल्यापर्यंत गेला. वाळूवाला भावजयीचा मावसभाऊ. त्याने आयुष्यात कोणाला पावती दिलेली नव्हती आणि बहिणीने मागावी याचे त्याला हसू आले. तिने त्याच्या मुलाच्या शाळेच्या वहीचे पान फाडले. वाळू सहा क्यू, पैसे पोहोचले, साल २५६८ — बुद्धसंवत आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे चालते — आणि घेणाऱ्याचे नाव पुठ्ठ्यावरून एकेक अक्षर पाहून त्याने लिहिले. साक्षीदार म्हणून खाली तिने स्वतः सही केली.