बिऱ्हाड पाठीवर

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना पहिल्याच तासाला एक भेद करावा लागतो. गावाबाहेर पडणारा प्रत्येक माणूस प्रवासी खरा. पण प्रवासवर्णनातला प्रवासी म्हणजे ज्याला पाहण्याची सवड आहे आणि पाहिलेले सांगण्याची हौस आहे, असा. पोटासाठी निघालेला माणूस या व्याख्येत सहसा बसत नाही. म्हणूनच गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वर्गात नेहमी पेच टाकतो. वरसईचे विष्णुभट १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. बंडाची धुमाळी त्यांना वाटेत भेटली. त्यांचे लेखन ग्रंथरूपाने आले ते १९०७ साली. कमाईसाठी निघालेला एक माणूस योगायोगाने लेखक झाला म्हणून आपल्याला हे पुस्तक मिळाले. जे असे लेखक झाले नाहीत, त्यांच्या प्रवासाचे काय करायचे, हा प्रश्न आम्हांला क्वीन्सटाऊनमधल्या एका दिवसाने नव्याने घातला.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही दोघे कॅम्परव्हॅन घेऊन फिरत होतो. शेगडी, बिछाना, मोरी, सगळे एका गाडीत. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण ज्याला स्थिर ठिकाणा नाही अशा माणसाविषयी, काहीशा कीवेने वापरतो. इथे त्याच बिऱ्हाडाचे भाडे रोजच्या हिशेबाने भरून माणसे हौसेने फिरतात. चार दिवसांत पाण्याचा अंदाज येतो. भांडी विसळलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न घरी कधी पडत नाही. इथे सांडपाण्याची टाकी आपणच ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची असते. गाडी लावून कुठे झोपावे आणि कुठे झोपू नये, यासाठी तिथे २०११ सालचा स्वतंत्र कायदा आहे. पाहुण्याने कसे राहावे हे कायद्याने सांगावे लागते, याची आम्हांला आधी गंमत वाटली. गावातली गर्दी पाहिल्यावर ती ओसरली.

क्वीन्सटाऊन वाकाटिपू सरोवराच्या काठी वसले आहे. समोर रिमार्केबल्सची करवती रांग, मागे बेन लोमंडचा डोंगर. सरोवर सुमारे ८० किलोमीटर लांब आणि दोन ठिकाणी काटकोनात वळलेले. हिमनदीने कोरलेली ही दरी इतकी खोल आहे की तिचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. काठावर शांत बसून पाहिले तर पाणी वितीएवढे, कधी त्याहूनही कमी, पण ठरावीक अंतराने चढते आणि उतरते. पुरा अर्धा तासही न घेणारे हे आवर्तन. बंद पात्रात पाणी हेलकावते तसा हा सबंध सरोवराचा हेलकावा, असे शास्त्र सांगते. माओरी कथा सांगते की माताऊ नावाच्या राक्षसाने सरदाराची मुलगी मनाता पळवली. तिचा प्रियकर माताकाउरी याने राक्षस झोपेत असताना त्याला जाळले. गुडघे दुमडून निजलेल्या त्या देहाच्या जागी खळगा पडला, त्यात बर्फाचे पाणी भरले; हृदय मात्र जळले नाही आणि ते अजून धडधडते आहे. ग्लेनॉर्कीला डोके, क्वीन्सटाऊनला गुडघा, किंग्स्टनला पाय.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे पडले की कथा आणि शास्त्र दोन्ही एकाच निरीक्षणावर उभी आहेत, आणि महत्त्व त्या निरीक्षणाला आहे : कोणीतरी या काठावर पुष्कळ वेळ बसले होते. दुसऱ्याला ते पुरेसे वाटेना. इथे माओरी लोक येत ते सरोवराच्या वरच्या अंगाला मिळणाऱ्या हिरव्या पाषाणासाठी, पौनामूसाठी. म्हणजे तेही कामालाच येत. काम करणाऱ्याला पाहण्याची सवड नसते, हे कोणी ठरवले?

धक्क्यावर १९१२ सालापासून चालणारी ‘अर्नस्लॉ’ ही आगबोट उभी होती. तिचे भाग डनीडिनला तयार झाले, रेल्वेने किंग्स्टनला आणले गेले आणि तिथे जोडले गेले. ती आजही कोळशावर चालते. प्रवासी वरच्या मार्गिकेतून खाली भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांना पाहू शकतात. आम्हीही पाहिले. श्रम हाच प्रेक्षणीय विषय झालेला, आणि पाहणाऱ्यांच्या हातांत कॉफीचे पेले.

दुपारी वीसएक किलोमीटरवरच्या ॲरोटाऊनला गेलो. १८६२ साली ॲरो नदीत सोने सापडले. ते प्रथम जॅक टेवा या माओरी माणसाला दिसले असे सांगतात. गावाला सुरुवातीला नाव मिळाले ते मात्र फॉक्स या दुसऱ्याच खाणकऱ्याचे. गोरे खाणकरी नव्या खाणींकडे पांगू लागले, तेव्हा ओटागोच्या व्यापारी मंडळाने १८६५ मध्ये चिनी खाणकऱ्यांना बोलावणे धाडले. त्यांची वस्ती गावाच्या कडेला, बुश क्रीकच्या काठी होती. तिथल्या झोपड्या आता डागडुजी करून राखल्या आहेत. दगड, माती आणि पत्रा. आत एक माणूस निजेल इतकी जागा, दारातून वाकूनच शिरावे लागते. आमच्या कॅम्परव्हॅनशी त्यांची तुलना मनात आली आणि तिथेच थांबली, कारण आमच्या खिशात परतीचे तिकीट होते. अह लम याचे दुकान अजून उभे आहे. 

या माणसांचे आकडे मिळतात. १८८१ साली न्यूझीलंडमध्ये ४,९९५ चिनी पुरुष होते आणि ९ स्त्रिया. त्याच वर्षी येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड डोईपट्टी बसली. १८९६ मध्ये ती १०० पौंड झाली. सरकारने तिच्याबद्दल माफी मागितली २००२ साली. अलेक्झांडर डॉन या मिशनऱ्याने पुढे अनेक वर्षे वस्त्यांतून हिंडून चिनी माणसांची नोंदवही केली. म्हणजे आकडे आहेत, नावे आहेत, कर आहे; पण ग्वांगडाँगहून निघालेल्या माणसाला हा डोंगर कसा दिसला, याचे वर्णन त्या वस्तीत आम्हांला आढळले नाही.

रात्री व्हॅनमध्ये वरणभात शिजत असताना बोलणे साहजिकच आपल्याकडे वळले. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात; भांडीकुंडी, लेकरे, जनावरे गाडीत घालून सहा महिन्यांचे बिऱ्हाड हलते. त्या घरांतली मुले आपल्या वर्गांत बसतात आणि प्रवासवर्णनाची लक्षणे पाठ करतात. व्याख्येत आपले आईबाप का नाहीत, असे ती विचारत नाहीत, याचे कारण परीक्षेत तो प्रश्न नसतो. स्थलांतर आणि प्रवास यांच्यामध्ये रेघ ओढणे समीक्षेला सोयीचे आहे. त्या रेघेच्या एका बाजूला नेहमी तिकीट काढणाराच का असतो, याचे उत्तर मात्र समीक्षेनेच द्यायला हवे.

ओटागोतल्या खाणकऱ्यांची एक इच्छा होती : निदान अस्थी तरी घरी जाव्यात. १९०२ साली ‘व्हेंटनर’ जहाज ४९९ जणांचे अवशेष घेऊन चीनकडे निघाले आणि उत्तरेला होकियांगाच्या समुद्रात बुडाले. किनाऱ्याला लागलेल्या अस्थी तिथल्या माओरी लोकांनी उचलल्या आणि आपल्यातल्यांच्या म्हणून पुरल्या. ही हकीकत त्यांनी पिढ्यान् पिढ्या तोंडी जपली, म्हणूनच २०१३ साली चिनी वंशज तिथे जाऊन त्यांचे आभार मानू शकले. या प्रवासाचे वर्णन प्रवाशांनी केलेले नाही. ते यजमानांनी सांभाळले आहे, आणि अशा वर्णनाला आमच्या अभ्यासक्रमात अजून नाव नाही.