गंजिफेतले कारागीर आणि चारमिनारचा रस्ता

हैदराबादला गेलेला पाहुणा चारमिनार पाहतो, बिर्याणी खातो, मोती घेतो आणि परततो. आमच्या महाविद्यालयाची सहल गेली, तेव्हा सालारजंग संग्रहालयाच्या जपानी दालनात आम्ही बराच वेळ रेंगाळलो. तलवारी, चिनी मातीची नाजूक भांडी, लाखकाम! एक विद्यार्थी म्हणाला, "सर, जुन्या जपानातल्या व्यापारी-कारागिरांवर पटावरचा खेळ मिळतो. डोके चालवावे लागते. आपल्याकडे असे काही नव्हते का?"

होते की! गंजिफा.

आपल्या सीमाभागात घरात कोणी 'पत्ते' म्हणते, कोणी 'इस्पीट'. गंजिफा हा त्यांच्या आधीचा खेळ. बाबराने 1527 साली सिंधमधल्या मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने असतात. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे ते रंग. किमाश म्हणजे कापडचोपड, माल. बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम. जुन्या मराठी कागदपत्रांत हिलाच 'वरात' म्हणत. तिचा लग्नाच्या वरातीशी काही संबंध नाही.

'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने अकबराच्या गंजिफेचे वर्णन केले आहे. एका रंगात राजा आणि वजीर यांच्याखाली जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणी पाडणारा असे लोक येतात. बरातीच्या रंगात कागद करणारा, फर्मान लिहिणारा, पुस्तक बांधणारा आणि रंगरेज आहेत. म्हणजे जी माणसे इतिहासाच्या पुस्तकात सहसा भेटत नाहीत, ती पानांवर मानाने बसली होती. अकबराच्याच काळात, 1591 साली, इकडे मुहम्मद कुली कुतुबशहाने चारमिनार उभारला.

संग्रहालयातून चारमिनारकडे चालत निघालो आणि ती पाने जणू रस्त्यावरच उलगडू लागली. छत्ता बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्यांची दुकाने आहेत. एके काळी ही गल्ली उर्दू सुलेखन करणाऱ्या कातिबांची. संगणक आला आणि बोरूचे काम झपाट्याने घटले. पुढे पत्थरगट्टीत कापडाची दुकाने, म्हणजे आपला किमाश! गुलजार हौजच्या आसपास सोन्याचांदीचे व्यापारी आणि चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार. तिथल्या लाखेच्या बांगड्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. लाख तापवून बांगडी वळवणारे हात पाहिले, की संग्रहालयातले लाखकाम आठवते. फरक एवढाच, की तिथल्या वस्तूखाली करणाऱ्याचा घाम दिसत नाही.

खेळात एक गंमत आहे. हुकुमाचा रंग नसतो. दिवसा सुर्खाला मान, रात्री सफेदला. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणारा जिंकतो. शिवाय निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा. बरात आणि किमाश या उलट्या रंगांतले. तिथे राजा-वजिरानंतर सर्वांत वरचढ असतो एक्का! एकटा, लहान, पण दहांना भारी. लाड बाजारात भट्टीपुढे एकट्याने बसलेल्या कारागिराकडे पाहताना मला हा नियम फार खरा वाटला.

तेलंगणातल्या निर्मललाही गंजिफा रंगवल्या जात. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आहे. तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ तिथे आणला, असे सांगतात. म्हैसूरचीही आपली गंजिफा आहे. पण आज बहुतेक संच चौकटीत बसून भिंतीवर जातात. रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, खेळाला मात्र खेळणारा मिळत नाही. विसरलेला नियम चौकटीत कसा टिकणार?

आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथे राजवाड्यात चितारी कारागीर आजही पाने रंगवताना दिसतात. संच परवडला नाही, तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांची 96 गोल पाने कापावीत. आठ रंग मुलांनीच काढावेत. एखाद्या रंगात आपल्या गावचा विणकर, कुंभार, शिंपी आला तरी हरकत नाही. आजीने मराठीत मोजावे, नातवाने कन्नडमध्ये. डाव मात्र पुरा खेळावा.